खाडीकाठचा स्वयंसेवक नेमकं काय करतो?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा नुकताच सरला होता. मी नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या जेट्टीवर मासळी घ्यायला गेले होते. समोर बऱ्याच आत एक छोटी होडी कलंडली. दोघं उलट्या होडीला धरून राहिले, तिसरा थर्माकोलच्या तुकड्याला कवटाळून हळूहळू लांब जायला लागला. मी मदतीसाठी फोन लावला. पलीकडच्या माणसानं शांतपणे विचारलं, "जेट्टीपासून कुठल्या बाजूला? अंदाजे किती लांब? पाणी चढतंय की उतरतंय? पाण्यात किती जण?" चारांपैकी एकाच प्रश्नाचं उत्तर मला देता आलं. शेजारी एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, उभे होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि अर्ध्या मिनिटात सगळं सांगून टाकलं. "ओहोटी लागलीय, पाण्याला ओढ हाय. होडीवालं दोघं तिथंच भेटतील, पन तिसरा घारापुरीच्या अंगाला चाललाय, त्याच्याकडं आधी जावा." तोवर गावातली एक बोट निघालीसुद्धा होती. तिघंही वाचले.

माझा भाचा कॉलेजात शिकतो. परवा त्यानं विचारलं, "मावशी, अमेरिकेत म्हणे साधी माणसं कोस्ट गार्डमध्ये स्वयंसेवक होतात. आपल्याकडे असं काही आहे का?" मला ते तांडेलकाका आठवले. ते रोज तेच काम करत होते, फक्त त्यांच्या नावापुढे कुठलं पद नव्हतं. म्हणून हा विषय जरा नीट उलगडून सांगते.

आधी तटरक्षक दल म्हणजे काय, ते. नौदल युद्धासाठी असतं. तटरक्षक दल शांततेच्या काळात समुद्रावर पहारा देतं, तस्करी रोखतं, तेलगळती आवरतं आणि बुडणाऱ्याला वाचवतं. आपलं दल १ फेब्रुवारी १९७७ ला हंगामी स्वरूपात सुरू झालं आणि १८ ऑगस्ट १९७८ ला कायद्यानं उभं राहिलं. 'वयं रक्षामः' हे त्याचं ब्रीद. समुद्रातल्या शोध आणि बचावाच्या कामात देशभरातल्या यंत्रणांचा मेळ घालण्याची जबाबदारी याच दलावर आहे आणि त्यासाठी मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) इथं बचाव समन्वय केंद्रं आहेत. भारताच्या वाट्याला शोध-बचावासाठी आलेला समुद्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटरचा आहे. भारताची जमीन साधारण ३३ लाख चौरस किलोमीटर. म्हणजे आख्ख्या देशाहून मोठं पाणी, आणि त्यावर लक्ष ठेवायला दीडशेच्या आसपास जहाजं आणि नौका. कितीही जहाजं बांधली तरी प्रत्येक होडीशेजारी एक उभं करता येणार नाही. मग बुडणाऱ्याच्या सर्वांत जवळ कोण असतं? दुसरी होडी. जगात सगळीकडे समुद्री स्वयंसेवक या एका कारणातून जन्माला आला.

अमेरिकेची गोष्ट भाच्यानं काढली होती, म्हणून तिथून सुरुवात करते. १९३० च्या दशकात तिथं हौशी बोटवाल्यांची संख्या फार वाढली. बोट घेतली, पण चालवायची कशी हे ठाऊक नाही, अशी गत. कोस्ट गार्डला एवढ्यांच्या मागे धावणं शक्य नव्हतं. तेव्हा २३ जून १९३९ ला कायदा करून बोटमालकांचीच एक नागरी संघटना उभारली. १९४१ मध्ये तिला 'ऑक्झिलरी', म्हणजे साहाय्यक दल, असं नाव मिळालं. यात शिक्षक असतात, सुतार असतात, निवृत्त आजी-आजोबा असतात. पगार नाही. कोस्ट गार्डच्या आदेशावर बाहेर पडलं तर इंधनाचा खर्च मिळतो आणि कामावर असताना इजा झाली तर सरकारचं संरक्षण असतं. गणवेश कोस्ट गार्डसारखाच, पण जिथं सोनेरी चिन्हं असतात तिथं यांची रुपेरी. लष्करी हुद्दा नाही आणि स्थानिक तुकडीचा प्रमुख सभासदच निवडून देतात. सगळ्यात महत्त्वाची मर्यादा अशी की यांना कुणाला अटक करता येत नाही, कायदा बजावण्याचं काम थेट करता येत नाही आणि लढाईत भाग घेता येत नाही.

मग करतात काय? मला सगळ्यात आवडतं ते काम अगदी साधं आहे. ते बोटींची फुकट तपासणी करतात. लाइफ जॅकेटं पुरेशी आहेत का, अग्निशामक नळकांडं चालतं का, दिवे लागतात का. काही कमी असेल तर दंड नाही, पोलिसांत तक्रार नाही, "हे एवढं करून घ्या" म्हणून सांगतात. दंडाची भीती नसल्यामुळे माणूस स्वतःहून बोट दाखवायला येतो. बाकी बोट चालवण्याचे वर्ग घेणं, रेडिओवर बसणं, गस्त घालणं हेही आहेच.

ब्रिटनचा रस्ता वेगळा. तिथल्या लाइफबोटी सरकारच्या नाहीतच, त्या देणगीवर चालणाऱ्या एका संस्थेच्या आहेत. ४ मार्च १८२४ ला सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकारानं ती स्थापन झाली, आज तिला आरएनएलआय म्हणतात. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर तिची दोनशेहून जास्त ठाणी आहेत आणि बोटीवरचे बहुतेक जण स्वयंसेवक आहेत. पेजर वाजला की पाववाला भट्टी सोडतो, मास्तर वर्ग सोडतात आणि सगळे ठाण्याकडे धावतात. पण बोट पाण्यात उतरवायची मागणी येते ती सरकारी कोस्टगार्डकडून. हा बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्वयंसेवक कितीही शूर असला तरी कुणाला कुठं पाठवायचं हे एकाच ठिकाणी ठरायला हवं. नाहीतर पाच बोटी एकाच माणसाला शोधतात आणि दुसरा तसाच राहतो.

आता आपल्याकडे. अमेरिकेसारखं अर्ज भरून तटरक्षक दलाचा गणवेशधारी स्वयंसेवक होण्याची सोय आपल्या गावात नाही. पण काम चालतं, आणि ते प्रामुख्यानं कोळी समाजाच्या खांद्यावर चालतं. मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांआधी रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर स्फोटकं उतरवली गेली. २६ नोव्हेंबर २००८ ला दहा अतिरेकी कुलाब्याजवळच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना पाहिलं होतं, हटकलंही होतं. माणसांच्या नजरेत आलेली गोष्ट यंत्रणेपर्यंत वेळेत पोचायला हवी, हा धडा त्या रात्रीनं फार मोठ्या किमतीला दिला. त्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, होड्यांना राज्यागणिक ठरलेले रंग आले आणि गावोगावच्या तरुणांना पोलिसांशी जोडणारी दलं उभी राहिली. कुठं त्यांना सागर सुरक्षा दल म्हणतात, कुठं सागर रक्षक दल. 'सागर कवच' नावाचा सराव होतो. त्यात एक गट घुसखोर बनून किनाऱ्यावर उतरायचा प्रयत्न करतो आणि दुसऱ्यानं त्याला अडवायचं असतं. दुसऱ्या बाजूनं तटरक्षक दलाचे लोक मच्छीमार वस्त्यांमध्ये येऊन लाइफ जॅकेट, रेडिओ, धोक्याचा इशारा देणारी यंत्रं यांची माहिती देतात.

इथं एक गैरसमज दूर करते. सागर सुरक्षा दलाचा सभासद म्हणजे पोलीस नव्हे. अनोळखी बोट दिसली तर तिच्यावर चढायचं नाही, झडती घ्यायची नाही, धरून ठेवायचं नाही. बोटीचा रंग, नंबर, माणसं किती, कुठून कुठं चालली, किती वाजता दिसली, एवढं टिपायचं आणि कळवायचं. सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३, तटरक्षक दलाचा १५५४. दोन्ही फुकट. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी संशयास्पद माणसं दिसल्याचं सांगितलं, त्यावर मोठी शोधमोहीम निघाली. हाती काही लागलं नाही. तरी त्या मुलांनी सांगितलं ते बरोबरच केलं असं माझं ठाम मत आहे. शंभर वेळा कळवून एकदाही काही न सापडणं परवडतं.

आता बचावाकडे येते, कारण माझ्या मते खरी गंमत आणि खरं ज्ञान इथं आहे.

पाण्यात पडलेला माणूस पडला त्या जागी राहत नाही. प्रवाह त्याला नेतो, वारा त्याला ढकलतो. समजा प्रवाह दोन नॉटचा आहे, म्हणजे तासाला साधारण ३.७ किलोमीटर. दिशा माहीत नसेल तर एका तासानंतर तो माणूस ३.७ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठंही असू शकतो. हे झालं ४३ चौरस किलोमीटर. दोन तासांनी वर्तुळ १७२ चौरस किलोमीटरचं होतं. वेळ दुप्पट, शोधायची जागा चौपट. ठाणे शहराहून मोठ्या पाण्यात नारळाएवढं डोकं शोधायचं, असा हा प्रकार आहे. आता त्या तांडेलकाकांचं वाक्य परत वाचा. "घारापुरीच्या अंगाला चाललाय." एका वाक्यानं त्यांनी आख्ख्या वर्तुळाची एक चिंचोळी पट्टी करून टाकली. समन्वय केंद्रांत हाच हिशोब संगणक करतो, त्याला वारा, प्रवाह आणि वेळ पुरवावी लागते. ती माहिती जितकी नेमकी, तितकी पट्टी अरुंद.

काकांना ते कसं कळलं? खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. दिवाळ्यासमोर भरतीला पाणी पनवेलच्या बाजूला आत शिरतं आणि ओहोटीला बाहेर बंदराकडे जातं. वाशी-ऐरोलीकडे हाच खेळ ठाण्याच्या दिशेनं. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. भरती रोज पाऊण तासानं पुढे सरकते, त्यावर हा हिशोब बेतलेला आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मवाळ. मोबाइलमध्ये भरतीचं कोष्टक असतंच, मिनिटं त्यातूनच बघावीत. पण फोन भिजला तरी तिथी डोक्यात राहते.

बुडणाऱ्याजवळ बोट नेणं हेही कौशल्याचं काम आहे. एकदा सरावाच्या वेळी मी गावच्या बोटीवर बसून ते जवळून पाहिलं. माणूस दिसला की एकानं फक्त त्याच्या दिशेनं हात करून उभं राहायचं, नजर हटवायची नाही. लाटेआड गेलेलं डोकं पुन्हा सापडत नाही. बोट सावकाश जवळ न्यायची आणि माणूस हाताच्या अंतरावर येण्याआधी इंजिन न्यूट्रलला टाकायचं, कारण खालचा पंखा फिरता राहिला तर वाचवायला गेलेली बोटच जीव घेईल. दोर त्याच्या डोक्यापलीकडे फेकायचा, म्हणजे ओढताना तो हाताला लागतो. वर घेताना सगळे एकाच काठावर धावले तर होडी कलते, म्हणून दोघांनी ओढायचं आणि बाकीच्यांनी विरुद्ध बाजूला बसायचं. भिजलेला, थकलेला माणूस किती जड लागतो हे ओढल्याशिवाय कळत नाही. शर्टाला धरलं तर शर्ट हातात येतो, काखेत हात घालावा लागतो. वर आल्यावर तो "मी ठीक आहे" म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचाच, कारण छातीत गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं.

काठावर उभ्या असलेल्यांसाठी नियम याहून सोपा आहे. आधी बांबू, ओढणी, जे असेल ते पुढे करा. नाही पोचलं तर तरंगणारं काही फेका, झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅनसुद्धा चालतो. उडी अगदी शेवटी, आणि तीही शिकलेल्यानंच. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्यालाच मिठी मारतो. एकाला वाचवायला गेलेले दोघं-तिघं बुडाल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. शिवाय बुडणारा सहसा ओरडत नाही. त्याचं तोंड पाण्याखाली-वर होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही. गप्प, उभ्याउभ्या खाली-वर होणारं डोकं दिसलं तर तोच धोका समजा.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. शंभराहून जास्त माणसं पाण्यात पडली, १५ जणांचा जीव गेला. नौदल, तटरक्षक दल, पोलीस सगळे धावले. पण आजूबाजूनं चाललेल्या बोटी, त्यात जवाहरलाल नेहरू बंदराची एक पायलट बोट, अगदी सुरुवातीलाच पोचल्या आणि त्यांनी कितीतरी जणांना वर घेतलं. अनेक प्रवाशांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. मला त्या बातमीत ही गोष्ट सगळ्यात जास्त टोचली. बोटीत असलेलं जॅकेट आणि अंगावर असलेलं जॅकेट यांत जीवनमरणाचं अंतर आहे. पाण्यात पडल्यावर ते घालणं फार अवघड असतं.

खोल समुद्रात जाणाऱ्या बोटींसाठी इस्रोनं तयार केलेलं एक यंत्र आहे, डॅट म्हणतात त्याला. संकटात कळ दाबली की उपग्रहामार्फत बोटीचा ठिकाणा बचाव केंद्राला कळतो. नव्या पिढीच्या डॅटमध्ये "तुमचा संदेश मिळाला" अशी पोच परत येते. ही पोच म्हणजे केवढा धीर! आधीच्या यंत्रात कळ दाबून अंधारात नुसती वाट बघावी लागायची, कुणाला कळलं की नाही याचा पत्ता नसायचा. व्हीएचएफ रेडिओ असेल तर संकटात १६ क्रमांकाचा चॅनेल वापरायचा. तिथं तीनदा 'मेडे' म्हणायचं, मग बोटीचं नाव, ठिकाण, झालंय काय आणि माणसं किती. जवळच्या प्रत्येक जहाजावर मदतीला जाण्याचं बंधन आहे. हा आंतरराष्ट्रीय कायदा आहे, आणि कोळीवाड्यात तर तो कायद्याच्याही आधीपासून पाळला जातो.

आता जरा मनातलं. मदतीला धावलेल्या बोटीचं डिझेल जळतं, कधी टाकलेलं जाळं तसंच सोडून यावं लागतं, त्या दिवसाचा धंदा बुडतो. बचाव करणाऱ्या मच्छीमारांना राष्ट्रीय सागरी शोध-बचाव मंडळाकडून पुरस्कार दिले जातात, आणि ते व्हायलाच हवं. पण पुरस्कार एखाद्यालाच मिळतो. धावणाऱ्या प्रत्येकाला विमा हवा, डिझेलचा खर्च हवा आणि वर्षातून एकदा तरी नीट प्रशिक्षण हवं. हे अशक्य नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'आपदा मित्र' योजनेत देशभरातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांना प्रशिक्षण, साहित्य आणि विम्याचं कवच देण्याचं ठरलं होतं. तीच कल्पना खाडीकाठच्या प्रत्येक कोळीवाड्यात, ठाण्याच्या चेंदणीपासून दिवाळ्यापर्यंत, बोट असलेल्या माणसांसाठी खास राबवायला हवी. ज्याच्याकडे बोट आहे, पाण्याची जाण आहे आणि जो नाहीतरी धावणारच आहे, त्याच्यावर खर्च केलेला पैसा सगळ्यात लवकर पोचतो.

भाच्याला मी काय सांगितलं? तू ठाण्यात राहतोस, बोट चालवता येत नाही, तरी करण्यासारखं पुष्कळ आहे. पोहायला शीक. छाती दाबून श्वास परत आणण्याची पद्धत शिक, दोन तासांत येते. नागरी संरक्षण दलात किंवा आपदा मित्रमध्ये नाव घाल. खाडीत कुणी अडचणीत दिसलं तर ११२ किंवा अग्निशमन दलाच्या १०१ वर फोन कर, खुल्या समुद्रात असेल तर १५५४. आणि फोन करताना चार गोष्टी सांग: ठिकाण, माणसं, पाणी कुठल्या दिशेला चाललंय आणि तू स्वतः कुठं उभा आहेस. मदत येईपर्यंत जागा सोडू नकोस, कारण आलेल्या बोटीला दिशा दाखवणारा एकटा तूच असशील.

मागच्या रविवारी तो माझ्याबरोबर दिवाळ्याला आला. तांडेलकाका जाळं विणत बसले होते. त्यांच्या बोटीतली लाइफ जॅकेटं दोरीवर वाळत घातली होती, एकेकाचं बक्कल ते उघडून-लावून बघत होते. एक बक्कल अडकत होतं, ते त्यांनी बाजूला काढलं. भाच्यानं विचारलं, "काका, आत्ता पाणी कुठं चाललंय?" त्यांनी पाण्याकडे न बघता विचारलं, "आज तिथी काय?" भाच्यानं फोन काढला. काका म्हणाले, "तो ठेव खिशात. बोटं मोज."